अंगणावरचे आभाळ

मनुष्याच्या हौसेस वजन नसते, असा आमचा आजवर समज होता. कोणास पोस्टाची तिकिटे जमविण्याची हौस असते, कोणास गुलाबाची कलमे करण्याची; ती हौस तराजूत घातल्यास किती भरेल, हा प्रश्न आमच्या मनास कधी शिवला नाही. परंतु या दिवाळीत आमचा भाचा पुण्याहून नंदुरबारास आला तो आपली हौस एका लहानशा पेटीत घालूनच आला, आणि तिचे वजन त्यास अगदी तोंडपाठ होते. पेटी उघडून, चार पंख मिटून बसलेले ते यंत्र तळहातावर घेत तो म्हणाला, "मामा, दोनशे एकोणपन्नास ग्रॅम!" आमच्या घरची मंडळी फराळाची ताटे मांडीत होती. त्यांनी चिवड्याचा डबा आणि ते यंत्र यांच्याकडे आळीपाळीने पाहिले आणि एवढ्याशा वस्तूस एवढे पैसे का पडावेत, या विचारात त्या पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या.

त्या आकड्यात मोठे मर्म आहे, हे आम्हांस मागाहून कळले. केंद्र सरकारने २०२१ च्या ऑगस्टात ड्रोनविषयी जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत वजनावरून या यंत्रांच्या पाच जाती पाडल्या आहेत. २५० ग्रॅमपर्यंतची जात सर्वांत हलकी. १५० किलोंच्या पलीकडची सर्वांत भारी. केवळ हौसेखातर २ किलोपर्यंतचे यंत्र उडविणाऱ्यास चालकाचा परवानाही लागत नाही. म्हणजे आमच्या भाच्याची हौस कायद्याच्या दृष्टीने पिसासारखी हलकी होती. ती इतरांच्या दृष्टीने किती जड होऊ शकते, याचा अनुभव आम्हांस पुढच्या आठ दिवसांत दोन ठिकाणी आला. त्याचीच ही हकीकत आहे.

आमच्या जिल्ह्यास समुद्र नाही. सातपुडा आहे, तापी आहे, नर्मदा आहे. पण खाऱ्या पाण्याची लाट पाहावयाची तर जिल्ह्याबाहेर आणि राज्याबाहेर जावे लागते. प्रकाशा येथे गोमाईस पोटाशी घेऊन तापी जी पश्चिमेस निघते, ती सुरत ओलांडून डुमसच्या बाजूस समुद्रास मिळते. आगगाडीचा रस्ताही तिच्याच खोऱ्यातून, नवापूर, व्यारा, बारडोली करीत सुरतेस जातो. तेव्हा कोकणच्या माणसाने हसू नये. नंदुरबारकरांचा समुद्र म्हणजे डुमस. तेथली वाळू काळी आहे आणि टोमॅटोची भजी प्रसिद्ध आहेत. भाच्यास समुद्रावरून यंत्र उडवावयाचे होते, आम्हांस भजी खावयाची होती. दोन्ही हेतू एकाच तिकिटात साधत असल्यामुळे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

किनाऱ्यावर गर्दी होती. आमच्या शेजारी एक गुजराती कुटुंब चटई पसरून बसले होते. त्यांतल्या बायका साड्या सावरीत पाण्याकडे निघाल्या होत्या. त्या, का कोण जाणे, अर्ध्या वाटेतून परत येऊन चटईवर बसल्या. आम्ही त्या वेळी तिकडे विशेष लक्ष दिले नाही, कारण भाच्याने पेटी उघडली होती आणि भोवती मुलांचे कडे जमले होते. पंखे फिरू लागणार, इतक्यात खाकी कपड्यांतील एक गृहस्थ आले. त्यांनी मोठ्या सौजन्याने, परंतु मुळीच न हसता, "साहेब, अहीं नहीं उडाडवानुं," असे सांगितले आणि कारण म्हणून नुसते बोट वर केले. त्याच सुमारास एक विमान पोट दाखवीत खाली उतरत होते. सुरतेचा विमानतळ डुमसच्या वाटेवरच आहे, हे आम्ही भज्यांच्या नादात विसरलो होतो. परंतु भाच्याने, ज्याने वजन पाठ केले होते, त्याने नकाशा पाहिला नव्हता, हे अधिक आश्चर्याचे. पेटी मिटली. मुले पांगली. शेजारच्या बायका उठून पाण्यात गेल्या.

परतीच्या गाडीत भाच्याने तो नकाशा मोबाईलवर उघडून दाखविला. सरकारने २०२१ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेल्या या नकाशात साऱ्या देशाचे आकाश तीन रंगांत वाटलेले आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडविण्यास कोणास विचारावे लागत नाही. पिवळ्यात विमानवाहतूक नियंत्रकाची अनुज्ञा लागते. तांबड्यात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून यंत्र उडवू नये. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्याची मर्यादा २०० फुटांवर येते, आणि त्याच्याही आत शिरले की हिरवा रंग संपतोच. नियम मोडणाऱ्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही नकाशावर सुरतेपासून बोट पूर्वेकडे सरकवीत नेले. रंग फिके होत गेले आणि नवापूरच्या पुढे आमच्या जिल्ह्यावर हिरवेगार आकाश पसरलेले दिसले. भाच्याचा चेहरा उजळला. "मामा, आपल्याकडे सगळं मोकळं आहे," तो म्हणाला.

मोकळे म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला नाही. मनात आला तो एक गमतीचा विचार. १९३४ च्या विमान कायद्यात 'विमान' या शब्दाची जी व्याख्या होती, तीत फुग्यांच्या व ग्लायडरच्या बरोबरीने पतंगही घातलेला होता. तो कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. म्हणजे नव्वद वर्षे दर संक्रांतीस आमच्या गावातल्या गच्च्यांवरून शेकडो विमाने उडत होती आणि त्यांची दिल्लीस गंधवार्ता नव्हती! तरीही पतंगाचे राज्य अगदीच बेबंद नव्हते. कोणाच्या गच्चीवर चढावे, कोणाच्या चढू नये, कापलेला पतंग कोणाचा, शेजारच्या घरी सुतक असेल तर आरडाओरडा करू नये, हे सारे ठरलेले असे. आणि ते ठरविणारा वरती कोणी नव्हता, खालीच होता. पतंगाची दोरी ज्याच्या हातात तो डोळ्यांसमोर उभा असे, यामुळे हे साधत होते. ड्रोनला दोरी नाही. त्याचा धनी कोठल्या झाडाआड बसला आहे हे खालच्या माणसास दिसत नाही. पतंगास डोळे नव्हते, यास आहेत. हा भेद थोडा नव्हे.

असो. आता दुसरी हकीकत सांगावयाची आहे, आणि ती सांगताना आम्हांस थोडी लाज वाटते.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आमचा जिल्हा धुळ्यापासून अलग होण्याच्या आधी (तो १ जुलै १९९८ रोजी अलग झाला), आम्ही धडगावच्या पलीकडे नर्मदाकाठच्या एका पाड्यावर शिक्षक होतो. कुडाच्या भिंतींची शाळा, पुढे मोहाचे एक झाड, आणि खाली खोल दरीत नदी. ती शाळा आज नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, त्यांत तो पाडाही होता. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत १३८.६८ मीटरांवर गेली आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. पावसाळ्यानंतर तेथे गेले म्हणजे नर्मदा नदीसारखी दिसत नाही. डोंगरांच्या मध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाडीसारखी दिसते. तिचा काठही आता समुद्राच्या किनाऱ्यासारखाच पुढेमागे होतो. आमच्या जिल्ह्यास समुद्र नाही असे वर म्हटले खरे. पण एक समुद्र आम्हांस मनुष्याने करून दिलेला आहे.

भाच्याची सुट्टी संपण्यास तीन दिवस होते. आम्हीच त्यास म्हटले, "चल, तुला पाणी दाखवितो." खरे कारण निराळे होते. आमची शाळा कोठे होती ती जागा एकदा वरून पाहावी, अशी इच्छा आमच्या मनात त्या यंत्राचे पंख पाहिल्यापासून घर करून बसली होती. भाड्याची जीप करून आम्ही शहादा, धडगाव असे करीत काठावर पोहोचलो. नकाशा पुन्हा पाहिला, हिरवा होता. यंत्र उडाले. भाच्याच्या हातातील पडद्यावर निळे पाणी, त्यात बुडालेल्या टेकड्यांची डोकी आणि पाण्याबाहेर उभे असलेले वाळलेले बुंधे दिसू लागले. आम्ही मोहाचे झाड शोधू लागलो. पाणी सोडून वरच्या उतारावर, जेथे उठून गेलेल्यांपैकी काहींनी पुन्हा घरे बांधली आहेत, तेथे काही ओळखीचे दिसेल म्हणून आम्ही भाच्यास म्हणालो, "जरा खाली घे. आणखी खाली." हे शब्द आमचे होते, त्याचे नव्हते, ते येथे मुद्दाम नमूद करतो.

यंत्र एका अंगणावर येऊन थांबले. अंगणात मका वाळत घातला होता. एक म्हातारी बाई उन्हात बसली होती. तिने वर पाहिले, पदर ओढला आणि हाताने जमीन चाचपीत ती आत गेली. मुले आधी यंत्राकडे धावली आणि मग, कोणी हाक मारली असावी, तशीच मागे पळाली. एका घराचे दार मिटले. दुसऱ्याचे मिटले. हे सारे आम्ही आमच्या डोळ्यांनी पडद्यावर पाहत होतो आणि तरीही मोहाचे झाड शोधीत होतो.

थोड्या वेळाने एक पन्नाशीचा गृहस्थ उतार उतरून आमच्याकडे आला. त्याने आम्हांस ओळखले. आम्ही त्यास ओळखावयास थोडा वेळ घेतला. तो आमचा विद्यार्थी होता, पाढे म्हणताना सतराच्या पाढ्यावर अडखळणारा. तो पाया पडला आणि मग विचारता झाला, "गुरुजी, आता पाणी कुठवर येणार आहे?"

आम्हांस प्रश्न कळेना. त्याने यंत्राकडे बोट केले. "मोजायला आलात ना?"

त्याच्या लहानपणी प्रथम मोजणीवाले आले, त्यांनी दगडांवर खुणा केल्या आणि पाणी येथवर येईल असे सांगितले. मग पुन्हा आले, वरच्या दगडांवर खुणा केल्या. त्या पाड्यात परका मनुष्य उपकरण घेऊन आला म्हणजे त्याचा एकच अर्थ असतो, हे तेथे पाच वर्षे राहिलेल्या आम्हांस कळावयास पाहिजे होते. आम्ही घाईघाईने सांगितले, की नाही रे, हे नुसते हौसेचे यंत्र आहे, शाळेची जागा पाहत होतो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि रागावाचून म्हणाला, "मग गुरुजी, आधी सांगायचं होतं. म्हातारी घाबरली."

पुढे जे घडले ते फार साधे आहे. भाच्याने यंत्र उतरविले आणि त्याच्यादेखत ते चित्रण पुसून टाकले. आम्ही वर घरांकडे गेलो, म्हातारीच्या पाया पडलो, चहा घेतला. भाच्याने यंत्र सर्वांच्या हातात दिले. मग त्या मंडळींनी आपसांत आपल्या बोलीत थोडे बोलून ठरविले, की पाण्यावर खुशाल न्या, शेतांवर न्या. त्या तीन घरांवर नको, तेथे बाया उन्हात बसतात. आणि पलीकडे, जेथे नुकतीच बाळंतीण आहे, तिकडे आवाज नको. यंत्र पुन्हा उडाले तेव्हा सारा पाडा अंगणात उभा होता, म्हातारीसुद्धा. आकाश तेच, यंत्र तेच, नकाशावरचा रंगही तोच. पहिल्या खेपेस दारे मिटली होती, दुसऱ्या खेपेस उघडी होती. मध्ये फक्त विचारणे घडले होते.

घरी आल्यावर आम्ही या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. आकाशाचा धनी कोण? पाश्चात्त्यांत एक जुने वचन होते, की ज्याची जमीन, त्याचीच वरती स्वर्गापर्यंत आणि खालती पाताळापर्यंत मालकी. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नॉर्थ कॅरोलायनातील कॉस्बी नावाच्या एका कोंबड्या पाळणाऱ्याचे गाऱ्हाणे आले. लष्करी विमाने त्याच्या खुराड्यावरून ८३ फुटांवरून जात, आणि भेदरून भिंतींवर आपटून त्याच्या सुमारे १५० कोंबड्या मेल्या. न्यायालयाने ते जुने वचन आजच्या जगात चालणार नाही म्हणून बाजूस सारले, विमानांचा मार्ग सर्वांचा ठरविला. परंतु जमिनीलगतचे जे आकाश मनुष्याच्या राहण्यावागण्यास लागते, त्यावर त्याचा हक्क आहे असेही म्हटले आणि निकाल कोंबडीवाल्याच्या बाजूने दिला. आमच्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत विमाने व हवाई वाहतूक हा विषय संघसूचीत आहे, आणि ते योग्यच आहे. डुमसच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या विमानाचा रस्ता तेथल्या भजीवाल्याने ठरवावा असे कोणी म्हणणार नाही. राज्यास आणि पोलिसांस या बाबतीत जे दिले आहे ते थोडके आहे: तातडीच्या प्रसंगी पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी एखाद्या जागेवर एका वेळेस ९६ तासांपर्यंत तांबडा रंग चढवू शकतो. आमच्या जिल्ह्याच्या आदिवासी भागात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस जमीन, पाणी, गौण वनोपज यांविषयी बोलण्याचा अधिकार आहे. पण अंगणावरच्या वीस फुटांविषयी तिला कोणी विचारीत नाही. दिल्लीचा नकाशा 'किती उंच' याचे उत्तर देतो. 'कोणाच्या डोक्यावर' हा प्रश्न त्यात नाहीच.

यावर कोणी म्हणेल, की दर गावाने आपल्या आकाशास फाटक बसविले तर उपयोगाची कामे अडतील. हा आक्षेप पोकळ नाही. २०२१ च्या डिसेंबरात पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप येथे लशी ड्रोनने काही मिनिटांत पोहोचविल्या गेल्या. अशा यंत्रास वाटेतल्या प्रत्येक पाड्याने अडवावे काय? शिवाय रात्री चोरून वाळू उपसणाऱ्यासही वरून पाहणारा डोळा नकोसाच असतो, आणि गावाच्या नावाने बोलणारा तोच निघावयाचा. म्हणून आकाशातून जाण्यास गावाची आडकाठी नसावी. परंतु जाणे निराळे आणि घुटमळणे निराळे. औषध निराळे आणि करमणूक निराळी. इंग्लंडात समुद्रकाठच्या स्थानिक संस्था आकाशाचा कारभार करीत नाहीत, तो तेथल्या विमानवाहतूक खात्याचा आहे. पण आपल्या मालकीच्या किनाऱ्यावरून हौशी यंत्र उडवावे की नाही, हे त्या ठरवू शकतात. पाय जेथे टेकतात तेथला अधिकार त्यांनी आपल्याकडे ठेवला आहे. आमच्याकडेही किनाऱ्याच्या नगरपालिकेस किंवा ग्रामसभेस एवढे ठरविता आले, की हौशी यंत्रे अमुक टोकाकडून आणि अमुक वेळी उडावीत, स्नानाच्या जागेवर व मासे वाळविणाऱ्या बायांवर नकोत, तर दिल्लीच्या अधिकारास काडीइतकाही धक्का लागणार नाही.

आणि हे किनाऱ्यासच अधिक लागते. पाड्यावर आम्हांस विचारण्यास माणूस होता. उशिरा का होईना, विचारता आले. समुद्रावर हजार अनोळखी माणसे असतात, कोणास विचारणार? ती मंडळी तक्रारही करीत नाहीत. ती नुसती अर्ध्या वाटेतून परत येऊन चटईवर बसतात.

डुमसच्या त्या बायका आम्हांस आठवल्या त्या अशा, नर्मदेवरून परतल्यावर. खाकीवाल्या गृहस्थाने आम्हांस हटकले ते विमानाकरिता. त्या बायकांकरिता हटकणारा तेथे कोणी नव्हता. विमानतळ दहा कोस दूर असता तर यंत्र उडाले असते, नकाशा हिरवा असता, आणि त्या चटईवरून उठल्या नसत्या.

भाचा पुण्यास गेला. पेटीच्या झाकणावर त्याने एक कागद चिकटविला आहे: बॅटरी, नकाशा, वारा, अशी उडविण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टींची यादी. निघताना त्याने तीत शेवटी एक ओळ आपल्या हाताने वाढविली, "खाली कोण आहे?" आम्ही ती पाहिली आणि काही बोललो नाही. शाळेच्या जागेचे चित्र मात्र त्याने आम्हांस पाठविले आहे, दुसऱ्या खेपेचे. आमच्या विद्यार्थ्याने पडद्यावर बोट ठेवून ती जागा दाखविली होती. तेथे निळ्या पाण्यावाचून काहीच दिसत नाही.